वाऱ्याचा सरासरी वेग, झोत आणि विंड चिल : कोणता आकडा कशासाठी वाचावा?

वातकुक्कुट :

हवामानाच्या अंदाजात वाऱ्याविषयी सहसा तीन आकडे दिलेले असतात : सरासरी वेग, झोताचा वेग आणि ‘जाणवणारे’ तापमान, म्हणजे वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला भासणारी थंडी सांगणारे ‘विंड चिल’. जोराच्या वाऱ्याचा इशारा निघाला की त्यात रंगाची भर पडते. चर्चेत अनेकदा असे दिसते की एका कामाचा आकडा दुसऱ्याच कामाला लावला जातो. कोणी झोताच्या वेगावरून थंडी ठरवतो, तर कोणी सरासरी वेग पाहून शिडीवर चढतो. म्हणून हा विषय एकत्र मांडावासा वाटला. माझे म्हणणे एवढेच आहे की थंडीचा धोका मुख्यतः सरासरी वेगावरून वाचावा आणि मोडतोडीचा धोका झोतावरून वाचावा. असे का, ते पुढे सविस्तर लिहितो.

प्रथम मोजणीबद्दल. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार वारा मोकळ्या जागेत, जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात. सरासरी वेग हा १० मिनिटांचा असतो, तर झोत म्हणजे त्या कालावधीत सलग ३ सेकंदांच्या सरासरीने गाठलेला सर्वांत मोठा वेग. तीन सेकंद हा काळ फार लहान वाटतो. पण वारा सेकंदाला २५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ९० किलोमीटरने वाहत असेल तर तेवढ्या वेळात ७५ मीटर लांबीची हवा एका जागेवरून पुढे सरकते. एखादे घर किंवा मोठे झाड पूर्णपणे कवेत घेण्याइतका हा हवेचा तुकडा मोठा असतो. त्यामुळे झोताचा आकडा ही उपकरणाने टिपलेली निव्वळ क्षणिक थरथर समजू नये.

दुसरी गोष्ट दाबाची. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा आडव्या आलेल्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण १७ किलो वजनाइतका दाब देतो. ताशी ९० ला तो ३९ किलोंच्या आसपास जातो आणि ताशी १२० ला ६९ किलोंच्या पुढे. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. दोन चौरस मीटरचा दरवाजा ताशी ९० च्या झोतात उघडा राहिला, तर जवळजवळ एका प्रौढ माणसाचे वजन त्याच्यावर एकदम कोसळल्यासारखे होते. (वस्तूच्या आकारानुसार प्रत्यक्ष बल कमीअधिक होते, छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर तर वर ओढणारे बल याहूनही मोठे असू शकते.) पत्रा उचलला जाण्यासाठी किंवा फांदी मोडण्यासाठी दहा मिनिटे लागत नाहीत, काही सेकंद पुरतात. म्हणून बांधकाम, मचाण, क्रेन, मंडप, उंच वाहने आणि झाडे यांच्या बाबतीत सरासरी वेगाचा आकडा दिलासा देणारा वाटला तरी त्यावर विसंबू नये.

विंड चिलचा भाग मी मुद्दाम पुढच्या प्रतिसादांसाठी ठेवला आहे, कारण तेथे मतभेद होतील असे वाटते.

पागोळी :

मांडणी आवडली. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. एकाच तासासाठी अंदाजात सरासरी वारा ताशी २५ आणि झोत ताशी ५५ असे लिहिलेले असते, तेव्हा हा दुपटीहून मोठा फरक येतो कोठून? आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी सरासरी तेवढीच असताना झोत जेमतेम ३५ चा असतो, असे का होते?

मापनपट्टी :

पागोळी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या जवळच्या हवेत दडलेले आहे. वर काही शे मीटर उंचीवर वारा बराच वेगवान आणि एकसारखा असतो. खाली मात्र घरे, झाडे, टेकड्या आणि जमिनीचा खडबडीतपणा त्याला अडवतात, त्यामुळे त्याचा वेग घटतो आणि त्यात लहानमोठे भोवरे तयार होतात. हे भोवरे वरची वेगवान हवा मधूनमधून खाली आणून सोडतात. आपल्याला तोच झोत म्हणून जाणवतो. समुद्रासारख्या सपाट पृष्ठभागावर अडथळे कमी असल्याने झोत आणि सरासरी यांतले अंतर कमी राहते. मोकळ्या जमिनीवर झोत सरासरीपेक्षा साधारण ४० टक्क्यांनी जास्त धरण्याचा प्रघात आहे आणि दाट वस्तीत हे प्रमाण आणखी वाढते.

यात उन्हाचाही वाटा असतो. दिवसा जमीन तापते, तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी वरची हवा खाली येते; येताना ती स्वतःचा वेग बरोबर आणते. म्हणूनच निरभ्र दिवशी दुपारी वारा झोतांनी वाहतो आणि सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा थंड होऊन स्थिरावली की तो मंदावतो. ढगाळ, स्थिर हवेच्या दिवशी सरासरी तेवढीच असूनही झोत लहान का राहतात, याचे उत्तरही यातच आहे.

मात्र सर्वांत धोकादायक झोत या नेहमीच्या घुसळणीतून येत नाहीत, ते गडगडाटी वादळातून येतात. वादळी ढगातून पाऊस कोसळताना त्याच्याबरोबर हवाही खाली ओढली जाते. ढगाखालच्या कोरड्या हवेत पावसाचे काही थेंब वाफ होऊन उडून जातात, त्यामुळे ती हवा थंड आणि जड होते व अधिकच वेगाने खाली येते. जमिनीवर आदळल्यावर तिला खाली जायला वाट उरत नाही, म्हणून ती चहूबाजूंना पसरते. याला डाउनबर्स्ट म्हणतात आणि त्याचा विस्तार ४ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर मायक्रोबर्स्ट. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचे एक विमान कोसळले, त्याचा अभ्यास करताना हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी ही कल्पना मांडली. सुरुवातीला अनेक तज्ज्ञांना ती पटली नव्हती. पुढे हवेच्या हालचालीचा वेग टिपणाऱ्या डॉपलर रडारच्या निरीक्षणांनी ती सिद्ध केली आणि वैमानिकांचे प्रशिक्षणही त्यामुळे बदलले. हवामानशास्त्रातील हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग आहे, कारण कोसळलेल्या झाडांची दिशा आणि ढिगाऱ्याचा आकृतिबंध बारकाईने पाहण्यातून एका माणसाने असंख्य प्रवाशांचे प्राण वाचवणारी गोष्ट शोधून काढली.

अशा वादळात दहा मिनिटांच्या सरासरीला फारसा अर्थ राहत नाही. सगळा प्रकार काही मिनिटांत आटोपतो आणि सरासरीत तो पातळ होऊन जातो.

डोंगरवाट :

आता थंडीकडे वळू. वातकुक्कुट यांनी थंडीसाठी सरासरी वेग वापरावा असे लिहिले आहे, ते मला सुरक्षिततेच्या दृष्टीने पटत नाही. उंच कड्यावर झोत अंगावर येतो तेव्हा क्षणात बोटे बधिर होतात. काळजी घ्यायचीच असेल, तर विंड चिल काढताना मोठा आकडा, म्हणजे झोताचा वेग वापरण्यात तोटा काय?

वातकुक्कुट :

डोंगरवाट, तुमचा हेतू योग्य आहे, पण विंड चिलचे गणित पाहिले तर असे दिसते की त्यातून फारशी सुरक्षितता हाती लागत नाही आणि आकड्याचा अर्थ मात्र बिघडतो.

शरीर आपल्या त्वचेलगत ऊबदार हवेचा एक पातळ थर सतत तयार करत असते. वारा तो थर उडवून लावतो, म्हणून उष्णता अधिक वेगाने निघून जाते. पण थर एकदा उडाला की वारा आणखी वाढल्याने मिळणारी भर उत्तरोत्तर कमी होत जाते. सध्या वापरात असलेल्या सूत्रात वेगाचा ०.१६ वा घात आहे, यावरूनच हे स्पष्ट होते. उणे १० अंश सेल्सियस तापमान घ्या. ताशी १० किलोमीटर वाऱ्यात विंड चिल सुमारे उणे १५ येते, ताशी ३० ला सुमारे उणे २० आणि ताशी ६० ला सुमारे उणे २३. म्हणजे वारा ३० वरून ६० वर गेला तर दाब चौपट होतो, पण विंड चिल अवघ्या तीन अंशांनी उतरते. याउलट अगदी मंद वारा मध्यम झाला तर चार-पाच अंशांचा फरक पडतो. थंडीच्या बाबतीत पहिला वारा सर्वांत जास्त घेऊन जातो, मोडतोडीच्या बाबतीत शेवटचा. माझ्या मूळ म्हणण्याचा आधार हाच आहे.

शिवाय त्वचा गोठण्याचा धोका काही मिनिटांत साठत जातो. तीन सेकंदांच्या झोतात तो पूर्ण होत नाही. कॅनडाच्या मार्गदर्शनानुसार विंड चिल उणे २८ ते उणे ३९ असेल तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते आणि उणे ४० च्या खाली हा अवधी १० मिनिटांहून कमी होतो. इतका वेळ अंगावर राहणारा वारा म्हणजे सरासरी वाराच होय.

मापनपट्टी :

या सूत्राचा इतिहास सांगण्यासारखा आहे, कारण त्यातून त्याच्या मर्यादाही कळतात. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी अंटार्क्टिकावरील मोहिमेत पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे एक नळकांडे वाऱ्यात टांगून त्यातील पाणी गोठायला किती वेळ लागतो, हे मोजले. १९४५ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि त्यावरून बेतलेले कोष्टक अनेक दशके वापरले गेले. पण माणूस म्हणजे नळकांडे नव्हे. त्याच्या शरीरातून उष्णता सतत बाहेर येत असते. जुने कोष्टक त्यामुळे थंडी प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवत असे. पुढे टोरांटो येथे १२ स्वयंसेवकांना थंड हवेच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यावरची उष्णता किती वेगाने जाते हे मोजण्यात आले आणि २००१ मध्ये कॅनडा व अमेरिका यांनी नवे सूत्र स्वीकारले.

नव्या सूत्रात काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत : चेहरा उघडा आणि कोरडा आहे, माणूस चालत आहे आणि ऊन नाही. तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि वारा ताशी ४.८ किलोमीटरहून अधिक असेल तरच ते लागू होते. सूत्रातला वेग १० मीटर उंचीवरचा आहे आणि चेहऱ्याच्या उंचीवर तो साधारण दोन-तृतीयांश राहतो, हे त्यात आधीच धरलेले आहे. डोंगरवाट, तुमच्याजवळ हातात धरायचा वायुवेगमापक असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. चेहऱ्यासमोर धरून मोजलेला वेग दीडपट करूनच कोष्टकात पाहायला हवा, अन्यथा थंडी कमी असल्याचा समज होईल.

डोंगरवाट :

दीडपटीचा मुद्दा अत्यंत उपयोगाचा आहे. झोताविषयीचे गणितही मान्य आहे. तरीही दोन गोष्टी नोंदवतो. पहिली अशी की कड्यावर आणि खिंडीत सरासरी वाराच पायथ्याच्या दुपटीने असू शकतो, आणि अंदाज बहुधा पायथ्याच्या वस्तीसाठी दिलेला असतो. तेव्हा ‘सरासरी’ कोणत्या जागेची, हे विचारले पाहिजे. दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओलावा. सूत्र कोरड्या त्वचेसाठी आहे. घामाने किंवा पावसाने कपडे भिजले असतील तर बाष्पीभवनाने शरीर कितीतरी अधिक वेगाने गार पडते आणि तापमान शून्याच्या वर, पाच-सात अंश असतानाही शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. विंड चिलचा आकडा त्या वेळी सौम्य दिसत असतो. बोलणे अडखळू लागले, हातांची पकड सुटू लागली, माणूस चालता चालता अडखळू लागला की आकडा न पाहता थांबून कोरडे कपडे चढवावेत आणि वाऱ्याचा आडोसा शोधावा. थरथर थांबली म्हणजे माणूस सावरला असे अजिबात समजू नये. थंडी वाढत गेल्यावरही थरथर थांबते.

पागोळी :

एक शंका राहिली. तापमान २ अंश आणि विंड चिल उणे ४ असेल, तर उघड्यावरच्या नळातील पाणी गोठेल का? आणि गाडीचे इंजिन?

वातकुक्कुट :

गोठणार नाही. निर्जीव, कोरडी वस्तू वाऱ्याने लवकर गार होते, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही. हवा २ अंश असेल तर नळ आणि इंजिन दोन्ही २ अंशांपर्यंत उतरतील, फक्त लवकर उतरतील. त्याच कारणाने हवा शून्याच्या वर असताना त्वचा गोठत नाही, विंड चिल कितीही खाली दिसले तरी. हवा उणे २ झाली की मात्र वारा असेल तेव्हा नळ शांत रात्रीपेक्षा लवकर गोठेल.

शीड :

मी मुख्यतः पाण्यावर असतो, म्हणून इशाऱ्यांविषयी विचारतो. एका देशाचा इशारा ताशी ९० च्या झोताला निघतो, दुसऱ्याचा त्याहून कमी वेगाला, कोठे तर आकडाच दिलेला नसतो, केवळ रंग असतो. चक्रीवादळाच्या बाबतीत एकाच वादळाचे दोन ठिकाणी दोन वेग वाचायला मिळतात. यातले खरे काय मानावे?

मापनपट्टी :

दोन्ही आकडे खरे असू शकतात. चक्रीवादळासाठी जागतिक संघटनेची शिफारस १० मिनिटांच्या सरासरीची आहे, अमेरिका १ मिनिटाची सरासरी देते, भारत ३ मिनिटांची. सरासरीचा काळ जितका लहान तितका मिळणारा मोठा आकडा वर जातो. समुद्रावर १ मिनिटाचा आकडा १० मिनिटांच्या आकड्यापेक्षा साधारण ७ टक्क्यांनी जास्त धरतात. म्हणून वेग वाचताना सरासरीचा काळ पाहिल्याशिवाय दोन वादळांची तुलना करू नये. असाच घोळ वाऱ्याचा जोर पायऱ्यांत सांगणाऱ्या बोफर्ट श्रेणीबाबतही होतो. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये ती जहाजाच्या शिडांवर होणाऱ्या परिणामांवरून बांधली. तिची १२ वी पायरी ताशी सुमारे ११८ किलोमीटरपासून सुरू होते, पण तो वेग सरासरी वाऱ्याचा आहे. ताशी १२० चा एक झोत नोंदला गेला म्हणून वारा १२ व्या पायरीचा झाला, असे म्हणणे चुकीचे ठरते.

इशाऱ्यांचे म्हणाल तर उंबरठे बरेच जवळजवळ आहेत. अमेरिकेत गडगडाटी वादळ ‘तीव्र’ ठरण्यासाठी झोत ताशी ९३ किलोमीटर, म्हणजे ५० नॉट लागतो. ऑस्ट्रेलियात ताशी ९० पासून ‘हानिकारक’ आणि १२५ पासून ‘विध्वंसक’ वारा धरतात. हे सगळे उंबरठे झोताचे आहेत, हे वातकुक्कुट यांच्या म्हणण्याला धरूनच आहे. ब्रिटनच्या हवामान खात्याने मात्र २०११ पासून वेगळी वाट धरली. तेथे पिवळा, अंबर आणि लाल हे रंग परिणाम किती मोठा आणि तो होण्याची शक्यता किती, या दोन गोष्टी एकत्र तोलून ठरतात. त्यामुळे पिवळ्या रंगाचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात : किरकोळ नुकसान बहुधा होईल, किंवा फार मोठे नुकसान कदाचित होईल. रंगाखालचा मजकूर न वाचता रंगच तेवढा पुढे पाठवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

ही पद्धत मला अधिक योग्य वाटते, कारण तोच झोत सगळीकडे सारखे नुकसान करत नाही. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये जे वादळ आले त्यात सुमारे दीड कोटी झाडे पडली. झाडांवर अजून पाने होती, त्यामुळे वाऱ्याला धरायला पृष्ठभाग मिळाला, आणि आधीच्या पावसाने माती भिजून सैल झाली होती. पाने गळून गेल्यावर तेच वादळ आले असते तर चित्र बरेच वेगळे दिसले असते.

शीड :

हे फार स्पष्ट झाले. मग विक्रमी झोतांच्या बातम्यांकडे कसे पाहावे? १८ फेब्रुवारी २०२२ च्या युनिस वादळात ताशी १९६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, तो आकडा सगळीकडे फिरला होता.

मापनपट्टी :

ती नोंद इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील आइल ऑफ वाइट या बेटाच्या टोकावरील ‘द नीडल्स’ येथील आहे. ते केंद्र समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे आणि कड्यावर चढताना वारा वेग घेतो. नोंद खरी आहे, इंग्लंडमधील विक्रमही आहे, पण त्या दिवशी देशाच्या आतल्या भागातील लोकांनी एवढा वारा सोसला असा तिचा अर्थ होत नाही. जगातील विक्रमाचेही असेच आहे. १० एप्रिल १९९६ रोजी ऑलिव्हिया चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ताशी ४०८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. ती नोंद इतकी अविश्वसनीय होती की उपकरणाची आणि आकडेवारीची तपासणी होऊन जागतिक मान्यता मिळायला २०१० उजाडले. त्याआधी १२ एप्रिल १९३४ ची अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन या शिखरावरील ताशी ३७२ किलोमीटरची नोंद सर्वोच्च मानली जात होती.

पागोळी :

शेवटचा प्रश्न. गडगडाटी वादळाच्या इशाऱ्यात वेळ फार कमी मिळतो. आकाशाकडे पाहून काही कळते का, आणि त्या थोड्या वेळात आधी काय करावे?

वातकुक्कुट :

काही प्रमाणात कळते. उकाड्यात वारा पडलेला असताना एकाएकी विरुद्ध दिशेने गार वारा सुटला आणि क्षितिजावर धुळीची भिंत किंवा खाली उतरलेला ढगाचा काळा पट्टा दिसला, तर वादळातून पसरणारी थंड हवा तुमच्यापर्यंत पोहोचली आहे. ती बहुधा पावसाच्या आधी येते, आणि पहिला झोतच पुष्कळदा सर्वांत मोठा असतो. म्हणून ‘पाऊस सुरू झाला की आत जाऊ’ हा हिशेब येथे चुकतो. मेघगर्जना ऐकू आली की लगेच आत जायला हवे.

त्या वेळात सर्वांत आधी माणसे झाडाखालून, फलकाखालून, मचाणाजवळून आणि तंबूतून हलवावीत. सैल वस्तू आत घेण्याचे काम इशाऱ्याच्या पहिल्या सूचनेलाच उरकलेले असावे. झोत सुरू झाल्यावर पत्रा धरायला छपरावर जाणे हा जीवघेणा प्रकार आहे. वाऱ्याकडच्या बाजूची दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, कारण त्या बाजूचे एखादे दार फुटले की घरात शिरलेली हवा छपराला आतून वर ढकलते आणि बाहेरचा वारा त्याच वेळी त्याला वर ओढत असतो. उंच वाहन चालवत असाल तर पुलावर किंवा उघड्या घाटमाथ्यावर जाण्याआधीच थांबावे. होडीवर असाल तर, शीड अधिक सांगू शकतील.

शीड :

शीड आधी उतरवावे, किनारा नंतर गाठावा. काळा ढग दिसल्यावर पुष्कळजण शीड तसेच ठेवून वेगाने किनाऱ्याकडे निघतात आणि पहिला झोत त्यांना मध्येच गाठतो. जीवरक्षक जाकीट त्याआधीच अंगावर हवे. वाऱ्यात ते चढवता येत नाही. पाणी थंड असेल तर डोंगरवाट यांनी ओलाव्याबद्दल लिहिलेले सगळे पाण्यात पडलेल्या माणसाला अनेक पटींनी लागू होते, म्हणून त्याला वर काढल्यावर प्रथम वाऱ्याआड न्यावे आणि ओले कपडे काढावेत, बाकीचे प्रश्न नंतर विचारावेत.